आधी प्रबंध बाहेर काढ, मग लॅपटॉपचं बघू

दांडिया बाजार, वडोदरा

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘रीसेट धिस पीसी’ असं जिथे लिहिलेलं दिसेल, तिथे हात लावू नकोस. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही. लॅपटॉप सुरूच होत नाही म्हणून फोनवर तू इतकी घाबरली होतीस की मी काय बोलले ते तुझ्या लक्षात राहिलं नसणार, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. हे मोबाइलवर उघडून शेजारी ठेव आणि एकेक करत जा. जेवून बस.

बाबा म्हणतात, जुना झालाय, नवीन घेऊन देऊ. देऊ की. पण नव्या लॅपटॉपमध्ये तुझ्या प्रबंधाची प्रकरणं येणार नाहीत. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत परवानग्या काढून, काचेच्या फरशीवर उभं राहून तू जुन्या अहवालांचे जे फोटो काढलेस, तेही येणार नाहीत. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या, यावर वाचायला पुस्तकं मिळतील. पण तू त्या पानांवरून काय टिपलंस ते एकाच ठिकाणी आहे, त्या बंद पडलेल्या यंत्रात. म्हणून माझं म्हणणं एवढंच की दुरुस्तीचा विचार नंतर. आधी फाइल्स बाहेर.

आता नीट ऐक. लॅपटॉप ‘चालू होत नाही’ असं आपण म्हणतो, पण तो कुठपर्यंत जाऊन थांबतो ते पाहिलं की अर्धं कळतं. बटण दाबल्यावर यंत्र आधी स्वतःची तपासणी करतं, म्हणजे मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते बघतं. मग कंपनीचं चिन्ह दिसतं, मग डिस्कवरून विंडोज उचललं जातं, मग ठिपके गोल फिरतात आणि शेवटी पासवर्डची पाटी येते. तू सांगितलंस की चिन्ह दिसतं, ठिपके फिरतात, ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ असं येतं, मग स्क्रीन काळी होते आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे चार्जर बरा आहे, स्क्रीन बरी आहे, मेमरीही बहुधा बरी. डिस्कही निदान सापडते आहे, नाहीतर ठिपक्यांपर्यंत गाडी आलीच नसती. अडलंय ते विंडोजपाशी. कॉलेजच्या लॅबमध्ये इतकी वर्षं मी मुलांचे लॅपटॉप बघते आहे, अशा प्रकारात फाइल्स बहुतेक वेळा शाबूत असतात.

सुरुवातीला सोपं करून घे. पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटरची वायर, जे काही लावलंय ते काढ. पूर्ण बंद कर, चार्जर काढ, आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धर. आत उरलेली वीज निघून जाते. मग फक्त चार्जर लावून सुरू कर. एवढ्यानेही कधी कधी काम होतं. नाही झालं तर बंद करून पुन्हा सुरू करताना एफ२ टिचक्यांसारखं दाबत राहा (एचपीचा असता तर एफ१०), म्हणजे बायोसची, यंत्राच्या मूळ सेटिंग्जची, पाटी उघडेल. तिथे एसएसडीचं, म्हणजे आतल्या डिस्कचं, नाव दिसतं का एवढंच बघ. बदलायचं काही नाही, सेव्ह न करता बाहेर ये. नाव दिसलं तर पुढे जा. नाव नसेल तर तिथेच थांबून मला फोन कर, मग हे दुकानाचं काम आहे.

काही बदलू नकोस म्हणते त्याला कारण आहे. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. आपल्याला पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही हललं किंवा दुरुस्तीच्या पाटीवर गेलं की यंत्र निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे त्या कुलपाची, रिकव्हरी की मागतं, तब्बल ४८ आकडी. घाबरायचं नाही. मैत्रिणीच्या फोनवरून तुझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिर, तिथे डिव्हाइसेसमध्ये तुझ्या लॅपटॉपच्या नावाखाली ती की सापडेल. स्क्रीनवर एक की आयडी दिसतो, त्याची सुरुवातीची अक्षरं जुळवून घे, म्हणजे भलतीच की टाकणं होणार नाही. विद्यापीठाच्या ईमेलने लॉगिन केलं असशील तर ती त्यांच्या कॉम्प्युटर विभागाकडे असू शकते, तिथे विचार. मिळाली की वहीत उतरून ठेव. दोनदा ताडून बघ, एक आकडा चुकला तरी दार उघडत नाही. आणि की कुणालाही फोनवर सांगायची नाही.

१९ जुलै २०२४ आठवतो? विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं अशीच निळ्या स्क्रीनवर अडकली. तुझ्यासारखंच, सुरू होतात आणि पडतात. त्यावर उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसण्याचा, पण डिस्क कुलूपबंद असली की त्याआधी ही ४८ आकडी की लागायची. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं यंत्रापुढे बसून ती की टाकत होती. सांगायचं कारण, यंत्रं धडधाकट होती आणि आतला डेटाही होता तिथेच होता. एका फाइलने वाट अडवली होती. तुझ्याकडेही असंच काही असण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण आदल्या रात्री अपडेट चालू असताना झाकण मिटलं असं तूच म्हणालीस.

आता मुख्य काम. चांगला मोठा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क आण, मैत्रिणीकडून उसनी मिळाली तर उत्तम, पण ती आधी रिकामी आहे ना बघ. लॅपटॉप दोन-तीनदा असा अडखळला की स्वतःच निळी पाटी दाखवतो. नाही दाखवली, तर चिन्ह आल्यावर पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून बंद कर, असं दोन-तीनदा केलंस की येईल. तिथे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ट्रबलशूट, पुन्हा ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि मग कमांड प्रॉम्प्ट. काळी खिडकी उघडेल. तिथे नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाब. होय, साधं नोटपॅडच. त्यात फाइल, मग ओपन. खाली ‘टेक्स्ट फाइल्स’ असेल तिथे ‘ऑल फाइल्स’ कर, नाहीतर तुझ्या वर्डच्या फाइल्स दिसणारच नाहीत आणि तुला वाटेल सगळं गेलं. ‘धिस पीसी’वर जा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, रोजचा सी कदाचित डी म्हणून दिसेल, त्यामुळे ज्यात ‘युझर्स’ नावाचं फोल्डर आहे तो आपला समज. युझर्समध्ये तुझं नाव, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. डेस्कटॉप रिकामा दिसला तर तिथल्याच वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये बघ, कित्येकदा तो त्याच्या आत असतो.

प्रबंधाचं फोल्डर आधी. त्यावर उजवं क्लिक, कॉपी, पेनड्राइव्हमध्ये जाऊन पेस्ट. कट कधीच नाही. इथे किती झालं, किती राहिलं हे दाखवणारी पट्टी येत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. तसं वाटलं तरी बंद करू नकोस, चालू आहे असं धरून थांब. म्हणूनच एकदम सगळं उचलण्यापेक्षा एकेक फोल्डर घे. मग लायब्ररीचे फोटो, मग गाइडबाईंनी शेरे मारून पाठवलेल्या प्रती. गाणी आणि सिनेमे राहिले तर राहू देत.

मध्येच अडलं, एखादं फोल्डर उघडेचना किंवा काही चूक झाल्याचा संदेश येऊ लागला, तर हट्ट करू नकोस. इंटरनेटवर लोक ‘चेक डिस्क’ची आज्ञा चालवायला सांगतात. दुरुस्ती करताना ती डिस्कवर लिहिते, आणि डिस्क खरोखर मरणपंथाला लागली असेल तर उरलेल्या फाइल्स वाचवण्याची संधी त्यात जाऊ शकते. फाइल्स हातात येईपर्यंत ती आज्ञा नको.

कॉपी झाली म्हणजे झालं असं नाही. पेनड्राइव्ह मैत्रिणीच्या लॅपटॉपला लावून प्रबंधाच्या फाइल्स उघड, शेवटच्या पानापर्यंत जा, आठ-दहा फोटो मोठे करून बघ. आणि तिथूनच एक प्रत गुगल ड्राइव्हवर चढव, एक मला पाठव. यापुढे आठवड्याला एक प्रत माझ्याकडे येत जाऊ दे, ही आईची विनंती समज.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगते. त्याच निळ्या पाटीवर आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदा. नाही जमलं तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून अलीकडचं क्वालिटी अपडेट काढ, तुझ्या बाबतीत माझी भिस्त यावरच आहे. तेही नाही तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाब. हा सेफ मोड, यात विंडोज अगदी मोजक्या गोष्टी घेऊन उठतं. तसं उठलं तर दोष नव्याने आलेल्या कुठल्या तरी प्रोग्रामचा किंवा ड्रायव्हरचा (यंत्राचे भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा) असणार, तो काढायचा. ‘सिस्टम रिस्टोर’ही करता येतं, म्हणजे विंडोज आधीच्या एखाद्या दिवसाच्या स्थितीत नेणं, त्याने कागदपत्रांना धक्का लागत नाही, मधल्या काळात टाकलेले प्रोग्राम मात्र जातात. रीसेट अगदी शेवटी, आणि तेव्हाही ‘कीप माय फाइल्स’. त्यात सगळे प्रोग्राम उडतात, म्हणजे तुझा मराठी कीबोर्ड आणि संदर्भसूचीचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं लागेल.

दुकानात न्यायची वेळ आली तर पावतीवर लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि ‘फॉरमॅट करू नये’ हे शब्द लिहून घे. तोंडी सांगितलेलं काउंटरवर राहतं, आत काम करणाऱ्या माणसाला पावतीच दिसते. एसएसडी बदलली तर जुनी परत माग. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नकोस, त्यात खोटे नंबर पुष्कळ असतात. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घे.

फाइल्स उघडून पाहिल्यास की मला फोन कर, कितीही वाजले असू देत. अपडेट काढायचं काम आपण दोघी मिळून करू, तू तिथे बटणं दाब, मी इथून सांगते.

तुझी
आई

ता. क. तुझ्या रूममेटच्या लॅपटॉपला दिवाच लागत नाही म्हणालीस, ते दुखणं निराळं. तिला विचार, ती मोबाइलचा चार्जर लावते का? टाइप-सी खाचेत तो बसतो खरा, पण लॅपटॉपला बहुधा ४५ किंवा ६५ वॉट लागतात आणि मोबाइलचा कित्येकदा २० चाच असतो. मूळचा चार्जर अर्धा तास लावून ठेवा, मग बटण दाबा. आणि दिवा लागतो पण स्क्रीन काळी, असं असेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. अंधुक चित्र दिसलं तर फक्त स्क्रीनचा मागचा उजेड गेलाय, टीव्हीला एचडीएमआय वायर लावून काम चालेल. टचपॅड मात्र वर उचललेला वाटला तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते, मग चार्जर लावूच नका, दाबू नका, तसाच दुकानात न्या.