पुढे अपग्रेड करता येईल असं सांगून विकलेल्या गेमिंग पीसीबाबत तक्रार

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : अपग्रेडची खात्री देऊन विकलेल्या पीसीमध्ये बाजारातला एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) आणि मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) बसत नसल्याबाबत.

महोदय,

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, मी आपल्या ऑनलाइन दुकानातून तयार गेमिंग पीसी घेतला. किंमत जीएसटीसह ७४,९९० रुपये. आत इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० चं ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि ५१२ जीबीची एसएसडी. मशीन आजही नीट चालतं, एकदाही बंद पडलेलं नाही, हे आधीच सांगतो. माझी तक्रार बिघाडाची नाही. आपण जे सांगून हे मशीन विकलंत, ते त्यात नाही, ही माझी तक्रार आहे.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो. पीसी मी आणि धाकटा भाऊ दोघं वापरतो. तो ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकतोय, मी रात्री तासभर गेम खेळतो. एकदम सव्वा-दीड लाख घालणं आम्हाला शक्य नव्हतं. म्हणून ठरवलं, आत्ता साधं घ्यायचं, मग बोनस मिळेल तशी रॅम, कार्ड असं एकेक वाढवत जायचं. आमच्यासारख्या घरांत मोठ्या वस्तू अशाच उभ्या राहतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून असेंबल करून घ्यायचाही विचार होता आणि तो थोडा स्वस्तही पडत होता. पण एकाच कंपनीची वॉरंटी असावी असं वडिलांचं म्हणणं पडलं, आणि आपल्या पानावर ठळक अक्षरांत ‘भविष्यातील अपग्रेडसाठी सज्ज’ असं लिहिलेलं होतं.

तरीही मी नुसत्या जाहिरातीवर विसंबलो नाही. पैसे भरण्याआधी आपल्या चॅटवर विचारलं : ‘पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस बाजारातून आणून लावता येईल ना?’ उत्तर आलं, ‘हो सर, अपग्रेडला काहीच प्रॉब्लेम येणार नाही.’ त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

गेल्या उन्हाळ्यात रॅमची दुसरी स्टिक लावली, ती पाच मिनिटांत बसली. खोट्याला खोटं म्हणायचं तर खऱ्याला खरंही म्हटलं पाहिजे.

नंतर डिसेंबरमध्ये आरटीएक्स ५०६० टीआयचं १६ जीबी कार्ड घेतलं. त्यासाठी दोन्ही भावांनी दिवाळीपासून पैसे बाजूला ठेवले होते. हे कार्ड १८० वॅट घेतं आणि त्यासाठी किमान ६०० वॅटचा एसएमपीएस असावा असं या कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया कंपनी सांगते. आपण दिलेला ४०० वॅटचा आहे. त्यात आश्चर्य नव्हतं, तो बदलायचं आधीपासून ठरलंच होतं. म्हणून ६५० वॅटचा नवा एसएमपीएस आणला आणि ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात पीसी नेला.

काकांनी साइड पॅनेल काढलं, नव्या एसएमपीएसची जाड केबल हातात घेतली आणि थांबले. त्या प्लगला २४ पिना. मदरबोर्डवर त्या जागी सहा पिनांचं सॉकेट. त्यांनी प्लग सॉकेटशेजारी धरून मला दाखवला. एक बोटभर लांब, दुसरं नखाएवढं. सर्वसाधारण एसएमपीएस मदरबोर्डला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे तिन्ही देतो. आपण दिलेला फक्त १२ देतो आणि बाकीचे मदरबोर्ड स्वतः तयार करतो. हार्ड डिस्क लावायची तर तिचा वीजपुरवठाही मदरबोर्डवरूनच घ्यावा लागतो. शिवाय एसएमपीएसची पेटी वेगळ्या आकाराची, त्यामुळे नव्याचे स्क्रू कॅबिनेटच्या भोकांना जुळत नाहीत.

मग मदरबोर्डच बदलावा म्हटलं, तर त्याचीही भोकं वेगळी. मागची पोर्टची पट्टी कॅबिनेटच्याच पत्र्यात कापलेली आहे, दुसरा बोर्ड तिथे बसूच शकत नाही. म्हणजे एक कार्ड लावायचं तर एसएमपीएस, मदरबोर्ड आणि कॅबिनेट तिन्ही नवीन घ्यायचे. इंटेलने मदरबोर्ड आणि कॅबिनेटचं एटीएक्स हे स्टँडर्ड माप १९९५ साली ठरवून दिलं, ते यासाठीच की एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या डब्यात बसावा. आपलं वेगळं माप ठेवायला कायद्याची आडकाठी नसेल, पण मग तसं विकताना सांगायला हवं होतं.

आपल्या सर्व्हिस सेंटरला तीनदा फोन केला. पहिल्यांदा सांगितलं, ‘बाहेरचा पार्ट लावलात तर वॉरंटी जाईल.’ मग जास्त वॅटचा एसएमपीएस आपणच विकत द्या म्हटलं, तर त्या मॉडेलसाठी तो बनवतच नाही असं उत्तर मिळालं. तिसऱ्या वेळी एकाने इंटरनेटवरून कन्व्हर्टर केबल मागवा असा सल्ला दिला. ४६,५०० रुपयांचं कार्ड मी कुणी बनवली हे माहीत नसलेल्या वायरीवर चालवणार नाही, आणि कंपनीच्या माणसाने ग्राहकाला असा सल्ला देऊही नये. फोन घेणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. त्यांच्या हातात काही नाही, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं.

कार्ड खोक्यासकट कपाटात पडून आहे. भावाची रेंडर, म्हणजे थ्रीडी दृश्यांची अंतिम चित्रं तयार करण्याची कामं, अजून जुन्या कार्डावर रात्रभर चालतात. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण हा पीसी मी निवडला होता.

माझी मागणी अशी : या मदरबोर्डला चालेल असा किमान ६०० वॅटचा एसएमपीएस आपण वॉरंटीसह पुरवावा, वाजवी किंमत द्यायला मी तयार आहे. ते जमत नसेल तर स्टँडर्ड मापाचा मदरबोर्ड, कॅबिनेट आणि ६५० वॅटचा एसएमपीएस आपल्या खर्चाने बसवून द्यावा, माझा प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी तेच राहू द्या. दोन्ही शक्य नसेल तर मशीन परत घेऊन वापराची योग्य वजावट करून पैसे द्यावेत. आणि या मॉडेलच्या पानावरून अपग्रेडचा दावा काढून तिथे एसएमपीएस आणि मदरबोर्ड स्टँडर्ड मापाचे नाहीत असं स्पष्ट लिहावं. ही शेवटची मागणी माझ्यासाठी नाही, पण मी ती सोडणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, याची चौकशी मी केलेली आहे.

बिलाची प्रत, चॅटचा आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, दोन्ही प्लग शेजारी धरून काढलेला फोटो आणि तिन्ही फोनचे तक्रार क्रमांक सोबत जोडले आहेत. उत्तर कृपया ईमेलने द्यावं, फोनवर नको.

आपला,
एक ग्राहक, सातारा
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर)