चांदोबासाठी उघडा ठेवलेला पडदा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण रोज बोलतो, पण तुमची नात फोन माझ्या हातात राहू देते कुठे! म्हणून आज ती झोपल्यावर लिहायला बसले.

परवा रात्री घरी परतताना ती मान वर करूनच चालत होती. दोनदा अडखळली. मग थांबून म्हणाली, "आई, चांदोबा आपल्या मागेमागे का येतोय?" मला एकदम तुमची आठवण झाली. मी हेच विचारलं होतं तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुला घरी सोडायला येतोय." आणि आई, तू रात्री अंथरूण घालता घालता सांगितलंस की तो फार लांब आहे, म्हणून तसं भासतं. मला दोन्ही उत्तरं खरी वाटली होती.

मी तिलाच विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

"त्याला त्याचं घर सापडत नाहीये. म्हणून तो आपल्या घरी येतोय."

त्या रात्री तिनं खिडकीचा पडदा लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीतून जाताना मी तिला दाखवलं, की जवळचे खांब सुसाट मागे पळतात, लांबची झाडं सावकाश सरकतात आणि त्याही पलीकडचा डोंगर जागचा हलत नाही. चंद्र तर सरासरी 3,84,000 किलोमीटरवर. आपण कितीही चाललो तरी त्याची दिशा बदललेली डोळ्यांना कळत नाही, म्हणून तो सोबत आल्यासारखा वाटतो. आकडा मी सांगितला नाही, तिच्यासाठी वीसच्या पुढे सगळं 'खूप'च असतं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपण त्याला दिसतच नाही?" चेहरा असा उतरला तिचा! तेव्हापासून वाटतंय, मी घाई केली. बाबांचं उत्तर आधी आणि आईचं मागून, हाच क्रम बरोबर होता. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं 1920च्या दशकात मुलांशी बोलून हेच नोंदवलं होतं, की लहान मुलांना सूर्य-चंद्र आपल्यामागे येतात असं खरोखरच वाटतं. जे हलतं ते त्यांच्या लेखी जिवंत असतं. त्यातून ती आपोआप बाहेर येतील. ओढून काढायची गरज नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी फोनवर सांगवली नाही. गेल्या आठवड्यात कामाचा फार ताण होता. ती भिंतीवरच्या मुंग्यांची रांग बघत होती. मध्येच बोट फिरवलं तर मुंग्या गोंधळतात का, रांगेतल्या पहिल्या मुंगीला रस्ता कोण सांगतं, एकामागून एक चाललं होतं. मी वर न बघताच म्हणाले, "पुरे गं आता, किती प्रश्न!" ती गप्प बसली. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून आवाज आला. बाहुलीला समोर बसवून, कमरेवर हात ठेवून ती म्हणत होती, "पुरे गं आता, किती प्रश्न!" शब्द माझे, सूरही माझाच. आई, मी दारातच उभी राहिले. मग आत जाऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि सांगितलं, की मुंग्या चालताना वास सोडत जातात, मागच्या त्या वासावर येतात, आणि बोटानं तो पुसला की त्यांची वाट हरवते. तिनं आधी बाहुलीला विचारलं, "कळलं का?" आणि मग माझ्या मांडीत येऊन बसली.

बाबा, तुम्ही कामावरून दमून यायचात, तरी माझ्यासमोर उकिडवे बसून उत्तर द्यायचात. तुमचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत असायचे, एवढं मला अजून आठवतं. तुम्हाला कधी कंटाळा यायचा का? आला असेल तर तसं सांगा, मला बरं वाटेल. आता गुडघे दुखतात, तेव्हा तिच्यासाठी तसं बसू नका. खुर्चीत बसा, ती चढेल मांडीवर. आई, तू तिचे प्रश्न वहीत लिहून ठेव म्हणालीस, ते कालपासून सुरू केलंय. माझे कोणते आठवत असतील तर तेही कळव.

हल्ली रात्री टॉर्च लावून आम्ही भिंतीवर सावल्या पाडतो. हात टॉर्चजवळ नेला की सावली मोठी होते, भिंतीकडे नेला की लहान. हे तिचं तिनंच शोधलं. त्यावरून तुमच्यासाठी एक प्रश्न राखून ठेवलाय, "आजोबा लहान होते तेव्हा त्यांची सावली कुठे झोपायची?" रविवारी ती विचारणार आहे. मी तिला काहीही सांगितलेलं नाही.

पडदा अजून उघडाच आहे.

तुमची,
लेक