टकलावरच्या टपल्या

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "बाबा, गुडघा गेला, आता पोरांना फुटबॉलच्या सरावाचे कोन लावून देत बसायचं." त्या 'बसायचं'पाशी मी रात्रभर अडकलो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

2022चा वर्ल्डकप आठव. अर्धी पेठ ब्राझीलची, अर्धी अर्जेंटिनाची. मोरोक्कोचा झेंडा औषधालाही नव्हता. त्यांच्याविरुद्ध स्पेनचे हजारावर पास झाले, गोल शून्य. पेनल्टीत एक खांबाला लागली, दोन मोरोक्कोचा गोलकीपर बोनोनं अडवल्या आणि त्यांच्याच हकीमीनं शेवटची अलगद चिप केली. तू बोनोसाठी ओरडत होतास. मी बघत होतो पोरांनी हवेत उडवलेल्या त्या टकल्याकडं.

वलीद रेग्रागुई, मोरोक्कोचा तेव्हाचा कोच. पॅरिसजवळ जन्मलेला, तुझ्यासारखाच राइट-बॅक, उजवी बाजू राखणारा. तुलूझ, अजॅक्सिओ, सांतांदेर, ग्रनोब्ल. बड्या क्लबाचं नाव नाही. 2004 साली मोरोक्कोकडून आफ्रिका कपची फायनल खेळला, ट्युनिशियाकडून 2-1 हरले. खेळाडू म्हणून त्याची मजल तिथपर्यंत.

मग 2014मध्ये कोच म्हणून मोरोक्कोतल्या रबातचा फ्यूस क्लब हाती घेतला. 1946चा क्लब, देशाची लीग तोवर कधीच जिंकलेली नव्हती. 2016ला जिंकली. तरी हा तिथंच 2020पर्यंत! सहा वर्षं एका जागी, आणि तू सहा महिन्यांत कंटाळलास. (चिडू नकोस.) पुढं कतारमध्ये थोडा काळ, मग मोरोक्कोतच कासाब्लांकाचा विदाद क्लब. 2022च्या मेमध्ये इजिप्तच्या अल अहलीला 2-0 हरवून आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग घेतली. ऑगस्ट संपता संपता देशाची टीम मिळाली, वर्ल्डकपला तीन महिनेही नव्हते. टीकाकार त्याला 'अ‍ॅव्होकॅडोचं डोकं' म्हणायचे. त्याच टकलावर जिंकल्यावर त्याची पोरं टपल्या मारत होती आणि हा हसत होता. पोर्तुगालला हरवून सेमीफायनलला गेले. आफ्रिकेतला एकही देश तिथवर पोचला नव्हता.

तरी 2024च्या आफ्रिका कपात दक्षिण आफ्रिकेनं 2-0नं घरी पाठवलंच. हकीमीची पेनल्टी बारला लागली, तोच हकीमी.

तुझी शिट्टी इथं कपाटात राहिलीय. शनिवारी मामा पुण्याला येतोय, त्याच्याकडं देतो, आईचे लाडूही आहेत. आणि मागच्या खेपेला तुझ्या ग्राउंडवर पाहिलं, ते बारकं डावखुरं पोर राइटला का खेळवतोस? त्याचं कारण कळव.

तुझे,
बाबा