आषाढीआधी पाट्या लावायच्या आहेत: साहित्य हवं, हात हवेत

राम कृष्ण हरी!

पंढरपुरात आषाढीला शौचालयं पुरतात की नाही, हा वाद वेगळा. आमचं गाऱ्हाणं पाटीचं आहे. चाकाची खुर्ची जाईल असं शौचालय रांगेच्या पार टोकाला, आणि त्याची पाटी त्याच्याच दारावर! म्हणजे दारापाशी पोचलं की कळणार, हेच ते.

मागच्या वारीत एका आजींना आम्ही ‘दिव्यांगांसाठी’ लिहिलेलं दार दाखवलं. “मी कुठं अपंग हाय?” म्हणून त्या माघारी वळल्या. आत कमोड होता, भिंतीला दांडा होता. गुडघे गेलेल्या माणसाला हवं तेच. पाटी मात्र त्याबद्दल गप्प.

म्हणून नगरपरिषदेची परवानगी मिळेल तशा ‘६५ एकर’ हा वारकऱ्यांच्या मुक्कामाचा तळ, चंद्रभागेचं वाळवंट आणि प्रदक्षिणा मार्ग इथं नव्या पाट्या लावायच्या आहेत. गर्दीच्या डोक्यावरून दिसेल असा उंच खांब, गडद निळ्यावर पांढरं खुर्चीचं चिन्ह, बाण, किती मीटर, आणि खाली ठळक: ‘कमोड आहे, दांडा आहे’. ‘प्रसाधनगृह’ नको, ‘शौचालय’ पुरे. कर्नाटकातून येणाऱ्यांसाठी एक ओळ कानडीत. पुरुष-बायकांच्या खुणेसाठी मिशी आणि नथ काढायची हौस आवरायची; लांबून दोन्ही सारखीच दिसतात.

पक्क्या बांधकामांत दाराच्या कडीकडच्या भिंतीवर ब्रेल पाटी बसेल. दारावर नाही, कारण दार उघडं असलं की ती हाताला लागत नाही.

जिथं दार ९०० मि.मी. मोकळं उघडत नाही, किंवा उतार १:१२ पेक्षा (बारा फुटांत एक फूट चढ) खडा आहे, तिथं खुर्चीचं चिन्ह लावणार नाही. खोटी पाटी नसलेलीच बरी.

एसीपी शीट (पाटीसाठीचा ॲल्युमिनियमचा पत्रा), रेडियम, लोखंडी पाइप, सिमेंट यांतलं जमेल ते द्या. रोख दिलीत तर पावती मिळेल. फ्लेक्स घेणार नाही. तो वाऱ्यानं फाटतो, नाहीतर त्यावर कुणाचा तरी वाढदिवस चढतो. दोन दिवस देणारा वेल्डर हवा. मराठी ब्रेल वाचणारं कुणी हवं, ठिपके आधी तपासायला. आणि खुर्ची वापरणारे दोघं-तिघं हवेत, जे बाणांमागून खरंच जाऊन बघतील आणि कुठं चुकलं ते तोंडावर सांगतील. त्यांना घरून आणायची, परत सोडायची सोय आम्ही करू.

रोज संध्याकाळी ६ ते ८ मंडळाच्या खोलीत कुणी ना कुणी असतं. पालख्या वाखरीला पोचायच्या आत खांब रोवून व्हायला हवेत.