आईचा स्वयंपाक आईला परत मिळाला, काकू

प्रिय काकू,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही कुणालाही वाचता येईल असं. लसणाची आणि कांद्याची पूड घरी कशी करायची हे तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत शिकवलंत. ते आमच्या एका घरापुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आईच्या बोटांचे सांधे आखडल्यापासून तिला लसूण सोलता येत नव्हता, कांदा चिरता येत नव्हता. बाकी सगळं येत होतं. चव, अंदाज, आच कधी कमी करायची, यातलं काहीच गेलं नव्हतं. पण पहिल्याच पायरीला अडायचं. कुणीतरी येऊन चिरून देईपर्यंत ती ओट्यापाशी उभी राहायची, आणि ते ताटकळणं तिला दुखण्यापेक्षा जास्त लागायचं. तयार पूड तिला पटेना. तुम्ही हे ऐकलंत आणि दुसऱ्याच दिवशी सुरी घेऊन आलात. वाळवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेलं माणूस खालच्याच मजल्यावर राहतं, हे तोवर आम्हाला ठाऊकही नव्हतं.

तुम्ही सुरुवात केलीत ती चिरण्यापासून. चकती साधारण ३ मिलिमीटरची आणि सगळ्या सारख्या, हा तुमचा हट्ट. जाड-पातळ मिसळलं तर पातळ चकत्या तपकिरी पडायला लागतात तेव्हा जाड चकत्यांच्या पोटात अजून पाणी असतं. मग एकतर अर्ध्या कडू होतात किंवा अर्ध्या ओल्या राहतात. लसणाची पाकळी उभी चिरून आतला हिरवा कोंब काढायचा, डागाळलेली पाकळी सरळ टाकून द्यायची. सुरी धारदार हवी, कारण बोथट सुरीखाली कांदा चिरडतो, डोळ्यांना जास्त झोंबतो आणि त्याचा वास ताटात राहण्याऐवजी हवेत जातो. कांदा निवडताना पांढरा मिळाला तर पांढराच घ्या म्हणालात. पूड करणारे कारखानेही त्यालाच पसंती देतात, ज्यात पाणी कमी आणि घनभाग जास्त असतो अशा जातींना.

मग मी विचारलं, बाकीच्या भाज्यांसारखं आधी उकळत्या पाण्यातून काढायचं का. तुम्ही "अजिबात नाही" म्हणालात, आणि पुढे जे सांगितलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्यात अलीन नावाचं द्रव्य एका कप्प्यात असतं आणि अलिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. पाकळी कापली किंवा ठेचली की दोन्ही भेटतात आणि अलिसिन तयार होतं. तोच लसणाचा झणका. (१९४४ साली कॅवालिटो आणि बेली या रसायनशास्त्रज्ञांनी अलिसिन पहिल्यांदा वेगळं केलं, हे मी नंतर वाचलं.) उकळत्या पाण्यानं ते विकरच मरतं. जपून, कमी आचेवर वाळवलेल्या चकतीत मात्र ते टिकून राहतं आणि पाण्याची वाट बघतं.

म्हणूनच तुम्ही तापमानाबद्दल इतक्या काटेकोर होतात. ५० ते ६० अंश सेल्सिअस, त्याच्या वर नाही. घाई करून आच वाढवली की चकतीचं बाहेरचं अंग कडक होतं, आतलं पाणी कोंडलं जातं, आणि वरून कोरडी दिसणारी चकती बरणीत गेल्यावर बुरसते. शिवाय कांद्यात साखर भरपूर, तो लवकर तांबूस होतो. डिहायड्रेटर, म्हणजे वाळवायचं विजेचं यंत्र, असेल तर सहा ते बारा तास धरायचे, जाडी आणि हवेतला ओलावा पाहून. ओव्हन असेल तर सगळ्यात कमी तापमान आणि दार थोडं उघडं, म्हणजे वाफ बाहेर पडते. ऊन वापरायचं तर ते कडक हवं, हवा कोरडी आणि वाहती हवी, वर पातळ कापड हवं, आणि संध्याकाळी ताटं घरात घ्यायला हवीत. दमट दिवसांत उन्हाच्या भरवशावर राहू नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत. आमच्या घरभर वास पसरला तेव्हा खिडकीशी ताटं हलवून हवा खेळती ठेवलीत, आणि फळं वाळवायची असतील तर ती कधीही सोबत ठेवायची नाहीत, असंही सांगितलंत.

किती कमी उरतं ते पाहून आई हिरमुसली होती. तुम्ही लगेच हिशेब मांडलात. कांद्यात ८९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून सोललेल्या किलोभर कांद्याची पूड १०० ग्रॅमच्या आसपास भरते. लसणात पाणी ६० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तो साडेतीनशे-चारशे ग्रॅमपर्यंत देतो. हे आधी माहीत असलं की माणूस नाउमेद होत नाही. आता आई कांदा जास्तच मागवते.

वाळलं की नाही हे गरम असताना कळत नाही, ही तुमची सूचना फार कामाची. गरम कांदा साखरेमुळे चिवट लागतो. गार झाल्यावर चुरडून बघायचा. लसणाची चकती टचकन मोडली पाहिजे, नुसती वाकली तर परत वाळायला. आणि त्यानंतरही लगेच दळायचं नाही. काचेची बरणी दोन-तृतीयांश भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि आठवडा-दहा दिवस रोज हलवायची. काचेला आतून दव दिसलं तर सगळं पुन्हा वाळवायचं. ही पायरी बहुतेक ठिकाणी कुणी सांगतच नाही. मला विचाराल तर घरच्या पुडीचं यश या आठवड्यावरच ठरतं.

दळणं सोपं. मिक्सरचं भांडं हाडासारखं कोरडं, थांबून थांबून फिरवायचं म्हणजे तापत नाही, आणि झाकण लगेच उघडायचं नाही, कारण ती धूळ नाकात गेली की बराच वेळ छळते. चाळून वर राहिलेले कण पुन्हा दळायचे किंवा तसेच रव्यासारखे वापरायचे.

साठवण्याबद्दल मात्र तुम्ही जे सांगितलंत त्यानं आमची पूड वाचली. पूड हवेतला ओलावा पटकन ओढते आणि सादळते, गोळे होतात. कारखान्यात त्यासाठी कॅल्शियम सिलिकेट किंवा सिलिकॉन डायऑक्साइड घालतात. घरी तुमचा उपाय वेगळा. साठा चकत्यांच्याच रूपात ठेवायचा आणि महिन्यापुरतंच दळायचं. चकत्यांचा वासही जास्त टिकतो. बरणी अंधारात, शेगडीपासून लांब. वाफाळत्या भांड्यावर बरणी उपडी करून पूड भुरभुरवायची नाही, कोरड्या चमच्यानं काढायची. आई हे इतकं पाळते की मी चमचा हातात घेतला तरी आधी तो कोरडा आहे का विचारते.

वापरायची रीतही तुम्हीच दाखवलीत. लसणाची पूड आधी चमचाभर पाण्यात कालवून काही मिनिटं ठेवायची, म्हणजे थांबलेलं विकर जागं होतं आणि ताज्या लसणाच्या जवळ जाणारा झणका येतो. लिंबू किंवा व्हिनेगर नंतर, कारण आंबटपणानं ते काम थांबतं. कडकडीत तेलात कोरडी पूड टाकली तर क्षणात जळून कडू होते. एका पाकळीला चहाच्या चमच्याचा आठवा भाग, एका मध्यम कांद्याला मोठा चमचाभर, हे तुम्ही कागदावर लिहून दिलेलं प्रमाण कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. आईला आता ते बघावं लागत नाही.

आणखी एका गोष्टीसाठी वेगळे आभार. मी म्हटलं होतं, एवढी खटपट करण्यापेक्षा सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेरच ठेवला तर? तुम्ही इतक्या गंभीर झालात की आईही चमकली. तेलात हवा नसते, लसणात पाणी असतं आणि आम्ल फार थोडं, आणि अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात, ज्याचा वास किंवा चव येईलच असं नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या लसणामुळेच अनेक लोक आजारी पडले होते. पुरत्या वाळलेल्या पुडीत पाणी अगदीच थोडं असल्यानं त्या जिवाणूंना वाढता येत नाही. कुणाच्या घरात अशी बरणी बाहेर ठेवलेली असेल, तर हे पत्र त्यांनी इथवर वाचावं अशी माझी कळकळ आहे. घरात कुत्रं-मांजर असेल त्यांनीही लक्ष ठेवावं: कांदा-लसूण त्यांच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतो आणि पुडीत तो आटून जास्तच तीव्र झालेला असतो.

काकू, आता आई एकटी स्वयंपाकघरात जाते. दोन बरण्या उघडते, वाटीत पूड कालवते आणि लागते कामाला. झाकणं सहज फिरतील अशी मोठ्या तोंडाची निवडलीत तीही तुम्हीच. चिरायला मी दर वेळी बसते, वाळवणं आणि दळणं ती बघते, आणि माझी चकती जाड झाली की तुमच्यासारखीच ओरडते. परवा तिनं पहिल्यांदा स्वतःहून पाहुण्यांना जेवायला बोलावलं.

तिचा एक प्रश्न आहे. आल्याचीही पूड करायची म्हणते, पण दळल्यावर त्यातले धागे राहतात. रेषांना आडवं कापलं तर ते तोकडे होतील असं मला वाटतं, पण तिला ते तुमच्याच तोंडून ऐकायचंय. या आठवड्यात सवड झाली की वर या. आलं धुऊन, पुसून तयार ठेवते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची