सुनीता, प्रश्न नानांनाही लिहू दे

लातूर

प्रिय सुनीता,

तुझं पत्र आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा मिळाला. डिमेन्शियावर, म्हणजे या विसरायच्या आजारावर, कुणीतरी आपल्या मराठवाड्यात येऊन अभ्यास करणार म्हटल्यावर बरं वाटलं. साठीपुढची सुमारे ८८ लाख माणसं देशात या आजारासह जगतात, असा अंदाज २०२३ साली छापून आला. आपल्याकडं मात्र अजून "म्हातारपणी चळ लागायचाच" इथंच बोलणं संपतं.

पण राग मानू नकोस. गठ्ठ्यात मुलगा, सून, डॉक्टर सगळ्यांना मत विचारलंयस. ज्याला आजार, त्याच्या आठवणीची तेवढी परीक्षा घेतलीस.

म्हणून तुझे कागद मी हाच आजार असलेल्या आमच्या नानांपुढंच ठेवले. मोंढ्यात आडतीवर मुनीम होते ते, तुला माहीतच आहे. सही मागणारा कागद दिसला की ते अजून सावध होतात. संमतिपत्रावर बोट फिरवत म्हणाले, "हे लिहून घेऊन करणार काय? आन् मला कवा सांगणार?" त्यावर तुझ्या कागदात एक ओळ नाही. मधेच उठून गेलं तर चालेल का, हेही विचारलं. ते उत्तर आहे, पण चौथ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात.

"आज तारीख काय?" वाचलं तर म्हणे, तारखेनं काय होतंय, तिथी विचार. तिथीही चुकलीच त्यांची, ते सोड. पण ज्या बाईनं जन्मात कॅलेंडर पाहिलं नाही तिचे गुण आजारानं गेले की प्रश्नानं, हे तू कसं ओळखणार? हरियाणात बल्लभगडला शाळा न शिकलेल्यांसाठी अशी चाचणी हिंदीत बदलून घेतली होती, ती बघ.

मग नानांनी स्वतःचा प्रश्न सांगितला: "माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलतात, तवा कसं वाटतं, ते लिही." आम्ही सगळे गप्प. घरात राहून मला हा प्रश्न सुचला नसता, पुण्यात बसून तुला कुठून सुचणार?

दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काही आठवेना. तू म्हणशील, मग त्यांच्या होकाराला अर्थ काय? दर भेटीला नव्यानं विचारायचं, एवढंच. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा तर म्हणतो की माहिती सोप्या भाषेत, चित्रांनी द्या, आणि माणसानं निर्णय बोलून, हावभावानं, खुणेनं कसाही सांगितला तरी चालेल. स्कॉटलंडमध्ये २००२पासून डिमेन्शिया असलेल्यांचा स्वतःचा गट आहे, तिथं कारभार तेच बघतात. आजार फार पुढं गेल्यावर हे जमत नाही, मान्य. तेव्हा घरच्यांनाच विचार, पण उत्तर घरच्यांचं आहे असं लिही. आणि म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं की वही मिटायची.

तर अभ्यासाचा अर्ज पाठवायच्या आधी इकडं ये. नाना एकटे नकोत, ते पुरुष आणि वर हिशेबातले. औशाकडच्या दोघी-तिघी बायाही बोलावू. बैठक सकाळीच ठेव, दिवस कलला की नाना मोंढ्यात जायला निघतात, मग कुणाचं ऐकत नाहीत. सोबतीला ओळखीचं माणूस असू दे, मात्र उत्तर त्यानं द्यायचं नाही. आमचे हे तर हमखास देतात, त्यांना मी बाजारात धाडीन.

आणि बजेटमध्ये या सगळ्यांचं मानधन धर. तुझ्या सहायकाला देतेस तसंच. नानांनी रोज किती म्हणून विचारलंय, आकडा आधी कळव.

तुझी,
वंदना