मुक्ताला, एसओपीबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परदेशी विद्यापीठांच्या अर्जासाठी लिहिलेला तुझा एसओपी, म्हणजे 'हे का शिकायचंय' ते सांगणारं निवेदन, काल जेवणं झाल्यावर वाचला. इंग्रजी झकास, पण त्यात तू कुठे सापडली नाहीस. 'लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण' हे क्लासवाल्यांनीच घालायला लावलं असणार. तुला आकर्षण होतं ते शेजारच्यांच्या मांजराचं! असली वाक्यं वाचून वाचून त्या प्राध्यापकांचे डोळे शिणले असतील.

त्यापेक्षा आपल्या मुंबईतल्या, पावसात हमखास तुंबणाऱ्या हिंदमाताचं लिही. बारावीच्या पावसाळ्यात माझ्याबरोबर तिथे उभी होतीस आणि विचारलंस, 'पंप चालू आहेत, मग पाणी उतरत का नाही?' मी सांगितलं होतं, आपली बरीचशी पातमुखं, म्हणजे वाहिन्या समुद्रात सोडतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली. भरती लागली की पाण्याला वाटच नाही. त्यात जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. मुंबईच्या पावसाळी वाहिन्यांवरच्या 1993च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता 50 वर न्यायला सांगितलं, ते काम रेंगाळलं, आणि 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर कोसळला. पुढे प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या झाल्या, जोराच्या सरीचं पाणी तेवढा वेळ साठवायला.

तुझा बीटेकचा प्रकल्प यातूनच निघाला ना? मग मॉडेलमध्ये पाणी लवकर उतरलं आणि प्रत्यक्षात उतरलं नाही, वाहिनीतला गाळ हिशेबात धरायचा राहिला होता, हे सविस्तर लिही. मला तरी तुझ्या साडेआठ सीजीपीएपेक्षा तो गाळ मोलाचा वाटतो. शिफारसपत्रही विभागप्रमुखांकडे मागू नकोस. ते तुला ओळखतात कुठे? प्रकल्पाच्या सरांकडे माग, आणि महिनाभर आधी.

'जर्मनीत सगळं फुकट' असं तुझा मामा सांगतो, त्यावर जाऊ नकोस. कार्ल्सरूहे ज्या राज्यात आहे तिथे 2017पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सत्राला 1500 युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही (टीयू) आता फी लावली आहे. शिवाय राहण्याखाण्याची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, आधीच दाखवावी लागते. एपीएसशिवाय, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय, जर्मन व्हिसाचं पुढे सरकत नाही, तेव्हा त्याची कागदपत्रं आत्ताच लाव. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात. स्पेलिंग दोन्हीकडे एकच आहे ना, ते अक्षर न अक्षर तपास.

पैशांचं मी बघतो. फोर्टात जे. एन. टाटा एन्डोमेंट आहे, 1892पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. त्याचा अर्ज मात्र तुलाच भरायचा आहे. उरलेल्याला बँक. फ्लॅट तारण ठेवायला आईची ना नाही, फक्त आधी तुझी यादी आठ विद्यापीठांवरून चारवर आण, म्हणते. प्रत्येक अर्जाची फी बघता मला ते पटतं.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. आधी मराठीत लिहिलास तरी चालेल.

तुझे,
बाबा